जुळे सोलापूर गारपीट : गाड्या, सोलर, पत्रे, कुणाचं काय झालंय इथं लिहा

सैफुलकर | मंगळवार, संध्याकाळी ७:५२

लाईट नाही, मोबाईलची बॅटरी संपत आलीय तरी धागा काढतोय, कारण व्हॉट्सॲपवर नुसते गारांचे व्हिडिओ फिरायलेत आणि कामाचं कुणी बोलेना. आम्ही विजापूर रोडला सैफुलच्या आतल्या बाजूला राहतो. दुपारी नेहमीसारखं ऊन, फोनवर ४२ दाखवत होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. साडेचारच्या सुमारास विजापूरच्या बाजूनं आभाळ असं काळंनिळं व्हायला लागलं की आई म्हणली वाळवण आधी आत घ्या मग बाकीचं बघा. आधी धुरळा, एवढा की समोरचं घर दिसेना, मग मोठाले थेंब, मग जिन्यावरच्या पत्र्यावर एक टण्ण, परत एक टण्ण, वाटलं पोरं दगड मारायलीत, आणि पुढच्या मिनिटाला असा मारा सुरू झाला की एकाच खोलीत बसून एकमेकांचं बोललेलं ऐकू येईना. पंधरा-वीस मिनिटं चाललं असेल.

आता हिशोब. गाडीची मागची काच भुगा, पुढच्या काचेला तडा, बॉनेट आणि टपावर खड्डेच खड्डे. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या बऱ्याच नळ्या फुटल्या. जिन्यावरच्या सिमेंट पत्र्याला दोन भोकं. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे मागच्या गल्लीतल्या कुणाचा तरी अख्खा लोखंडी पत्रा उडून आमच्या कंपाउंडमध्ये आलाय, आणि त्याच्याबरोबर एक दगड, हा एवढा, दोन हातांनी उचलावा लागतोय. पोरगी रोज त्याच जागी सायकल लावते.

माणसं सगळी ठीक आहेत. पण उद्या सकाळपासून कुठून सुरुवात करायची ते कळेना. गाडीचा क्लेम, सोलर, पत्रे, ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

बाळेकर | ७:५८

काय सांगताय? आमच्याकडं बाळ्यात थेंब नाही. वारा सुटला, धूळ झाली, संपलं. घाम पुसत बसलोय.

होटगीरोडवाली | ८:०३

इकडे पण झालं, आसरा चौकापासून पुढे. गुलमोहर पडलाय रस्त्यावर, रिक्षावाले उलट्या बाजूने जातायत. आमच्या समोरचे काका गाडीवर गोधडी टाकायला पळाले आणि कपाळावर गार बसली, चार टाके पडले. कृपा करून कुणी असं पळू नका, बॉनेट नवं मिळतं.

शेंगाचटणी | ८:०९

कसलं मस्त गार झालंय बे वातावरण. भजी तळायला घेतलीत. सोलापूरचं महाबळेश्वर झालंय आज.

नान्नजकर | ८:१५

भजी खा. आमचं बेदाण्याचं शेड बसलं.

शेंगाचटणी | ८:१७

अण्णा सॉरी हो. किती नुकसान?

नान्नजकर | ८:२१

अंधार हाय, सकाळी बघू.

हवामानहौशी | ८:४०

बाळेकर, तुमच्याकडं काही नाही आणि सैफुलला धुमाकूळ यात नवल काही नाही. गारांचा पट्टा अरुंद असतो, काही किलोमीटर रुंद आणि ढग जसा सरकेल तसा लांब. एका गल्लीत चुरा आणि पलीकडच्या पेठेत कोरडं असं होतंच. म्हणून तर अंदाज देणारे जिल्ह्याचं नाव घेतात, गल्लीचं घेत नाहीत, आणि मग आपण त्यांना शिव्या घालतो.

सैफुलकर, गारा किती मोठ्या होत्या? लिंबाएवढी, चेंडूएवढी असं नको, काहीतरी मोजून सांगा.

सैफुलकर | ८:४६

पोरीनं दोन डब्यात घालून फ्रिजरमध्ये ठेवल्यात (लाईट नाही पण अजून तग धरून आहेत). दहाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढलाय, नाण्यापेक्षा चांगली मोठी आहे.

हवामानहौशी | ९:१०

दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. म्हणजे तुमची गार तीन सेंटीमीटरच्या पुढं धरू. पाच मिलिमीटरच्या वर गेलं की तिला गार म्हणतात, त्यामानानं ही मोठीच. अडीच ते साडेचार सेंटीमीटरची गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगानं खाली येते, वर वारा जोरात असला की तिरकी आणि आणखी जोरात लागते. काच फुटणारच.

एक गार मधोमध कापून बघा, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतील, एक दुधी एक पारदर्शक. ढगात वर जाणारा वारा जबर असतो, शून्याखाली जाऊनसुद्धा न गोठलेले पाण्याचे थेंब तिथं असतात, ते गारेला आपटून गोठतात. पटकन गोठलं की हवा अडकते आणि थर दुधी होतो, सावकाश गोठलं की काचेसारखा. वारा तिला जितका वेळ तोलून धरेल तितकी ती वाढते, त्याला पेलवेना झाली की खाली.

उन्हाळ्यातच का? कारण सध्या जमीन भाजून निघालीय, समुद्राकडून ओलावा येतोय, आणि वर पश्चिमेकडची कोरडी थंड हवा आहे. मराठवाड्यापासून कर्नाटकातून खाली दक्षिणेकडं कमी दाबाचा पट्टा या दिवसांत बऱ्याचदा असतो. एवढं जमलं की दुपारनंतर बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. आपल्याकडं साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर तापमान शून्याला जातं, म्हणजे ढगाचा अर्ध्याहून जास्त भाग बर्फाच्या राज्यात. आणि खाली ४२ डिग्री, त्यात बारक्या गारा वाटेतच वितळून थेंब होतात. आपल्या अंगणात पोचतात त्या मोठ्याच.

शेंगाचटणी | ९:१८

ते विमानातून ढगात फवारणी केली होती ना सोलापुरात, त्याचा परिणाम असणार हा. माझा मेव्हणा सांगत होता.

हवामानहौशी | ९:३१

मेव्हण्याला सांगा की तो प्रयोग पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा होता, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात. २७६ ढग निवडले होते, त्यातल्या काहींत कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले आणि बाकीचे तसेच ठेवले, तुलना करायला. नंतर निष्कर्ष आला की फवारलेल्या ढगांखाली पाऊस साधारण १८ टक्क्यांनी वाढला. ते कण विमानानं सोडले की त्याच ढगापुरतं तासाभरात संपलं. इतक्या वर्षांनी एप्रिलमध्ये त्याच्या गारा होत नाहीत. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत अर्ध्या महाराष्ट्रात गारपीट झाली, आपल्या जिल्ह्यातही झाली, तेव्हा कुठलं विमान होतं?

काडादीचौक_रिटर्न | ९:३५

गड्डा यात्रेच्या भाकणुकीत (वासरावरून वर्षाचं भाकीत सांगतात ती) यंदा वासरू बिचकलं होतं का हो? कुणाच्या लक्षात आहे?

होटगीरोडवाली | ९:३८

भाकणुकीत पावसापाण्याचं सांगतात, तुमच्या बॉनेटचं नाही. विषयावर या.

क्लेमकाका | ९:५५

सैफुलकर, गाडीचं सांगतो, बाकीच्यांनीही वाचा. (मी एजंट नाही, पण याच कामात आयुष्य गेलंय.)

आधी पॉलिसी कुठली ते बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर एक रुपया मिळणार नाही. फुल्ल म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची असेल तर गारपीट त्यात धरलेली असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. आज रात्रीच कंपनीच्या नंबरवर कळवून क्लेम नंबर घ्या. सकाळी उजेडात फोटो काढा, चारी बाजूंनी, नंबर प्लेट दिसेल असा एक, गाडीवर गारा अजून असतील तर आत्ताच बॅटरी लावून काढा. कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही दुरुस्त करू नका, काचेचे तुकडेसुद्धा एकदम साफ करून टाकू नका.

काचेवर घसारा कापत नाहीत. प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के कापतात, पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. झिरो डेपचं जादा कव्हर असेल तर ते कापणं वाचतं. मुख्य प्रश्न नो क्लेम बोनसचा. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस जातो, एनसीबी प्रोटेक्शन घेतलं असेल तरच वाचतो. तेव्हा नुसते दोन-चार खड्डे असतील तर आधी गॅरेजवाल्याचा आकडा घ्या, बोनसची रक्कम शेजारी लिहा आणि मग ठरवा. तुमचं मात्र दोन काचा आणि अख्खा टप आहे, क्लेम करा.

खड्डे पडलेत पण रंग उडाला नसेल तर रंग न लावता आतून दाबून काढणारे लोक असतात, गॅरेजवाले थेट पुट्टी-पेंटवर येतात, त्यांना आधी विचारा. कंपनीच्या ओरिजनल रंगाची सर नव्या पेंटला येत नाही हे माझं मत.

सैफुलकर | १०:०२

लई उपकार काका. पुढच्या काचेला नुसता तडा आहे, मागच्यासारखी फुटली नाही. गाडी चालवत गॅरेजला नेली तर चालेल का?

क्लेमकाका | १०:०९

पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो म्हणून ती तडकते पण जागेवर राहते. मागची आणि बाजूची कडक केलेली असते, ती फुटली की साबुदाण्यासारखा बारीक चुरा होतो. तडा ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल तर चालवू नका, टो करायला सांगा, बऱ्याच पॉलिसीत ते फुकट असतं. वायपर लावू नका. तापलेल्या काचेवर एकदम फुल्ल एसी सोडू नका, तडा धावतो.

टाकीवाला | १०:१४

ओ सैफुलकर, सोलरच्या नळ्या फुटल्या म्हणताय, टाकीकडनं सोलरला जाणारा व्हॉल्व्ह बंद केला का??

सैफुलकर | १०:१५

नाही, का?

टाकीवाला | १०:१७

पळा आधी. त्या नळ्या थेट सोलरच्या टाकीत बसवलेल्या असतात. एक फुटली तरी सगळं पाणी तिथनं जातं, आणि सोलरची टाकी रिकामी झाली की वरची टाकी तिला भरत राहते. रात्रभर तुमचं पाणी गच्चीवरनं गटारीत.

सैफुलकर | १०:३१

बंद करून आलो. टाकी निम्मी उरलीय. आमच्याकडं पाणी परवा. तुमच्या पाया पडतो.

टाकीवाला | १०:४४

पाया नको, आणखी ऐका. नळ्या एक-एक मिळतात, अख्खा संच घ्यायला लावतील तर नाही म्हणा. फक्त जाडी बघा, ४७ मिलिमीटरची आहे की ५८ ची. आणि नवीन नळी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावरच बसवून घ्या. दुपारी रिकामी नळी उन्हात तापलेली असते, तिच्यात गार पाणी गेलं की नवी नळी तिथंच फुटते. मिस्त्री लोक दुपारी येतात कारण त्यांना सकाळी दुसरं काम असतं, त्यांच्या गडबडीत आपण पडायचं नाही.

ज्यांनी लाईटचं सोलर बसवलंय, आता ते अनुदानवालं बऱ्याच जणांनी बसवलंय, त्यांनी काच फुटलेल्या पॅनेलला हात लावू नका. घरातली लाईट गेलेली असली तरी दिवसा पॅनेलमध्ये करंट असतोच. इन्व्हर्टरजवळचा डीसी स्विच पाडा आणि बसवणाऱ्याला बोलवा. काच शाबूत असेल तरी आत बारीक चिरा पडू शकतात, बाहेरनं दिसत नाहीत. ॲपवर रोजचं युनिट बघत चला, शेजाऱ्याचं तेवढंच आणि तुमचंच घसरलं तर समजा.

हवामानहौशी | १०:५२

याला जोड म्हणून, पॅनेलची जी चाचणी असते त्यात २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगानं अकरा ठिकाणी मारतात. आजच्या गारा त्याच्यापेक्षा मोठ्या होत्या. तरी पॅनेलची काच बऱ्यापैकी टिकते, हीटरच्या नळ्यांचं मात्र अवघड असतं.

नीलमनगर_लूम | ११:२०

आमच्याकडं गारा बारक्या होत्या पण वाऱ्यानं शेडचे पत्रे उचलले. खाली लूमवर बीम (सुताचे मोठे रोल) चढवलेले, सगळं सूत भिजलं. टॉवेलची ऑर्डर होती. बीम सुकवून परत चालतो का कुणाला माहितीय?

काडादीचौक_रिटर्न | ११:२८

बीमला कांजी असते, भिजून सुकलं की धागे एकमेकाला चिकटतात. वरचे थर उलगडून टाकावे लागतील, आत पाणी गेलं नसेल तर मधला वाचेल. रंगीत सूत असेल तर आशा कमी. आमच्या वडलांच्या वेळी असंच झालेलं. पंखे लावा, ऊन नको, आणि लाईट आली तरी शेडमधल्या मोटारी तपासल्याशिवाय मेन चालू करू नका.

सैफुलकर | बुधवार, सकाळी ९:०५

लाईट पहाटे आली. तो उडून आलेला पत्रा कुणाचा ते कळलं. मागच्या गल्लीत एका घरमालकानं गच्चीवर पत्र्याची खोली काढून भाड्यानं दिलीय, तिथला. भाडेकरू चांगला माणूस आहे, हात जोडायला लागला. वर जाऊन बघितलं तर पत्र्यांना हुक नाहीत, नुसते दगड ठेवलेत, आणि आता उरलेल्या पत्र्यांवर तो आणखी दगड ठेवायलाय. मालक म्हणतो पहिल्यापासून असंच आहे, काय होत नाही.

यावर काय करायचं? भांडायचं नाही मला. पण आज येलो अलर्ट आहे परत.

शेंगाचटणी | ९:१४

दगड तर सगळेच ठेवतात की. आमच्या आज्ज्याच्या काळापासून ठेवलेत, अजून एक पत्रा हलला नाही. आणखी दोन दगड ठेवायला सांगा.

फॅब्रिकेशनवाला | ९:५०

धागा रात्रीपासून वाचतोय, आता राहवेना म्हणून खाते उघडलं.

शेंगाचटणी साहेब, वारा पत्र्याला ढकलत नाही, वर ओढतो. वरून जोरात वारा गेला की पत्र्याच्या वर दाब कमी होतो, आणि खाली दरवाजा-खिडकी उघडी असेल तर आत शिरलेली हवा खालून रेटते. ताशी ८० किलोमीटर वाऱ्याला एका चौरस मीटरवर साधारण ३० किलोची ओढ धरा. दहा फुटी एक पत्रा तीन चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे एका पत्र्याला ९० किलो. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्याला याहून जास्त. त्यावर तुमचे दोन दगड मिळून वीस किलो. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. हलला नाही म्हणजे त्या जागी अजून तसा वारा आला नाही, एवढंच.

आणि पत्रा नुसता उडाला तर एकवेळ ठीक, दगड कुठं जातो? पत्रा तिरका झाला की दगड घरंगळून आत, खाली झोपलेल्या माणसावर. वळवाच्या पावसात दरवर्षी पेपरला येतं, पत्र्यावरचा दगड पडून मयत. गार लागून माणूस मेल्याचं आपल्याकडं क्वचित वाचलं असेल, दगडाचं किती वेळा वाचलंय ते आठवा.

करायचं काय ते सांगतो. इंग्रजी J च्या आकाराचे हुक मिळतात, प्रत्येक आडव्या पाईपला किंवा अँगलला पत्रा हुकानं बांधायचा, कडेच्या रांगेत जास्त हुक. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगटात नाही, नाहीतर गळणार. डांबरी वॉशर घालायचा, पिळून एकदम टाइट नको. आणि तो खालचा सांगाडा भिंतीत पक्का आहे का ते आधी बघायचं, हुक मारून सांगाड्यासकट छप्पर गेलेलं मी बघितलंय. सिमेंट पत्र्याला हातोडा-खिळा चालत नाही, ड्रिलच मारायचं आणि त्यावर पाय देऊन चढायचं नाही, फळी टाकून चढायचं.

नीलमनगर_लूम | १०:०२

आमचं शटर उघडं होतं. हवा यावी म्हणून दिवसभर उघडंच असतं.

फॅब्रिकेशनवाला | १०:०६

तेच. आभाळ आलं की वाऱ्याच्या बाजूचं शटर आधी पाडायचं.

शेंगाचटणी | १०:१२

९० किलो? एका पत्र्याला? खरंच का बे?

फॅब्रिकेशनवाला | १०:१३

गच्चीवर या, पाहिजे तर हिशोब करून दाखवतो.

विडीघरकुल_सून | १०:४१

दादा, हे सगळं बरोबर आहे पण हुक, मजुरी, ड्रिल, याचे पैसे कोण देणार? आमच्या ओळखीच्या बायका विड्या वळून घर चालवतात, भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. मालक म्हणतो तुम्हाला भीती वाटते तर तुम्हीच मारा. मग दगडच राहतो ना. दगड फुकट आहे.

फॅब्रिकेशनवाला | ११:०५

आक्का तुमचं खरं आहे. निदान दोन गोष्टी करा. दगड काढून त्या जागी वाळूनं भरलेली पोती आडवी टाका आणि ती खाली दोरीनं बांधा, पडली तरी डोकं फुटणार नाही. आणि पत्र्याच्या टोकाला तार घालून सांगाड्याला पिळून टाका, तार स्वस्त आहे. हे हुकाची जागा घेत नाही, पण या मोसमापुरतं दगडापेक्षा बरं. आणि वादळ आलं की खाट दगडाखालून सरकवा, हे आजच करा.

होटगीरोडवाली | ११:३०

एक वेगळं. आमच्या कॉलनीत लिंबाखाली पोपट आणि दोन वटवाघळं पडलीत. पोपट जिवंत आहे. मुलगा पाणी पाजतोय.

काडादीचौक_रिटर्न | ११:३४

चोचीत पाणी ओतू नका, श्वासात जातं. खोक्याला भोकं पाडून आत कापड घालून अंधारात ठेवा, तासा-दोन तासांत शुद्धीवर आला तर संध्याकाळी त्याच झाडाजवळ सोडा. वटवाघळाला उघड्या हातानं शिवू नका.

नान्नजकर | दुपारी २:१०

आत्ता वेळ मिळाला. रात्री कुणीतरी विचारलं होतं किती नुकसान.

बेदाण्याचं शेड आडवं झालं. माल रॅकवर टाकून आठवडा झाला होता, अजून तितकेच दिवस पाहिजे होते. भिजलेला बेदाणा काळा पडतो, बुरशी येते, त्याला भाव नाही. पण ते जाऊ द्या, ते यंदाचं. खरा मार पुढच्या वर्षाला बसलाय. एप्रिल छाटणी झाली होती, नव्या फुटी हातभर आल्या होत्या. शहरातल्या लोकांना वाटतं द्राक्षं उतरली म्हणजे बाग मोकळी. तसं नसतंय. याच दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. गारांनी शेंडे तुटले, काड्यांना जखमा झाल्या. परत फूट घ्यायची म्हणजे उशीर, खर्च, आणि माल किती लागेल ते ऑक्टोबर छाटणीनंतरच कळणार. पाव्हण्याचं डाळिंब हाय मोहोळकडं, तिथं फळांवर डाग, आणि त्या जखमांतून तेल्या रोग शिरतो, आज बोर्डोची फवारणी मारायलेत.

शेंगाचटणी | २:२५

अण्णा काल मी भजीचं बोललो, मनावर घेऊ नका. पंचनामा झाला का?

नान्नजकर | २:४०

मनावर काय घ्यायचं, पाऊस पडला की आम्ही पण भजीच खातो. तलाठी उद्या म्हणलाय. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान धरलं तरच मदत. केंद्राच्या नियमात फळबागेला हेक्टरी २२,५०० लिहिलंय, एका एकराच्या औषधाला त्याच्यापेक्षा जास्त लागतात. पीक विमा काढलेल्यांनी ७२ तासांच्या आत कळवा, १४४४७ ला फोन लावा नाहीतर ॲपवर फोटो टाका. फळपिकाला गारपिटीचं संरक्षण वेगळं पैसे भरून घ्यावं लागतं, पावतीवर बघा घेतलंय का. आमच्यातल्या निम्म्यांना ते माहितीच नसतंय.

सैफुलकर | २:५२

शहरात घराच्या नुकसानीचा पंचनामा होतो का?

क्लेमकाका | ३:०५

होतो, पण घराचं निदान १५ टक्के नुकसान दिसावं लागतं, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० असा केंद्राचा दर आहे. तुमची दोन भोकं त्यात बसणार नाहीत. विडीघरकुलच्या ताईंनी मात्र ज्यांचे पत्रे गेले त्यांना तहसीलला अर्ज द्यायला सांगा, फोटोसकट, पत्रे परत टाकायच्या आधी.

हवामानहौशी | ४:१०

आज परत ढग उभे राहायलेत, दक्षिणेला. दामिनी ॲप घालून ठेवा, आयआयटीएमचंच आहे, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. हवामान खात्याचा दर तीन तासांचा जो अंदाज येतो तो बघा, सकाळचा जिल्ह्याचा अंदाज संध्याकाळी कामाचा नसतो. वीज चमकल्यापासून आवाज यायला नऊ सेकंद लागले तर ती तीन किलोमीटरवर आहे, म्हणजे गच्चीवरून खाली या. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. काल गारा थांबल्या थांबल्या पोरं गच्चीवर गेली होती गोळा करायला, ते चुकीचं.

विडीघरकुल_सून | ४:२२

खाटा सरकवल्या. पोती भरायलोय.

बाळेकर | ५:४०

आज आमच्याकडं सुरू झालं!!! बारक्या आहेत. गाडी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये नेऊन लावली, वॉचमन ओळखीचा आहे. सैफुलला काय स्थिती?

सैफुलकर | ५:४४

कोरडं. नुसता वारा. मागचा भाडेकरू पोराबाळांसकट आमच्या हॉलमध्ये बसलाय, बाहेर बसू नका म्हणलं.

होटगीरोडवाली | ७:१५

पोपट उडाला.

सैफुलकर | गुरुवार, दुपारी १:३०

अपडेट. सर्व्हेअर येऊन गेला, गाडी टो करून नेली, काचा पूर्ण मिळतील म्हणला, टपाला आणि बॉनेटला आतून दाबून काढणारा माणूस गॅरेजनं स्वतःच सुचवला. नळ्या आज सूर्य मावळल्यावर बसणार, मिस्त्रीला दुपारचं नको म्हणल्यावर तोंड वाकडं केलं पण तयार झाला. पाणी आलं, टाकी भरली.

पत्र्याचं असं झालं की मालकाशी मी बोललोच नाही, आईच गेली. तिनं तो दगड त्यांच्या दारात नेऊन ठेवायला लावला आणि म्हणली हा तुमचा आहे ना, आमच्या नातीच्या सायकलवर पडला होता, उचलून बघा किती जड आहे. फार काही बोलली नाही. हुकाचे पैसे मालक देणार, मजुरी आम्ही आणि भाडेकरू मिळून. फॅब्रिकेशनवाले, तुम्ही येणार का? व्यनि (खासगी निरोप) केलाय.

फॅब्रिकेशनवाला | १:४८

बघितला. शनिवारी सकाळी येतो. मापं आधी पाठवा, पाईप किती इंची आहेत ते पण, हुक त्याप्रमाणे आणावे लागतात. मालकांना गच्चीवर हजर राहायला सांगा, भिंतीत सांगाडा पक्का नसेल तर तिथंच दाखवतो.

शेंगाचटणी | १:५५

जाता जाता आमच्याकडं पण या. शेळगी. आज्ज्याचे दगड काढायचेत.

फॅब्रिकेशनवाला | २:०१

दुपारनंतर. लाईट असली तर ड्रिल चालेल, नाहीतर रविवारी.